एकाच घटकेला जन्मलेले दोघे

चौथ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात दोन मित्र होते. दोघांची परिस्थिती उत्तम, आणि दोघांनाही ज्योतिषाचा जबर नाद. नाद किती, तर घरातलं मुकं जनावर व्यालं तरी ती वेळ टिपून ठेवायची, त्या घटकेची ग्रहस्थिती मांडायची आणि पुढे काय होतं ते बघत राहायचं. यातल्या एकाच्या बायकोला दिवस गेले. त्याच सुमारास दुसऱ्याच्या घरातली एक दासीही गरोदर राहिली. दोघांना पर्वणीच मिळाली. त्यांनी दिवस मोजले, तास मोजले, तासांचेही भाग मोजले. बाळंतपणं जवळ आली तेव्हा ठरलं, की ज्याच्या घरी मूल जन्मेल त्याने त्याच क्षणी दुसऱ्याकडे माणूस धाडायचा.

दोन्ही घरांतून माणसं निघाली आणि त्यांची गाठ पडली ती बरोबर अर्ध्या वाटेवर. म्हणजे दोन्ही मुलं एकाच क्षणी जन्मली होती. कुंडल्या मांडल्या तर त्यांत तिळभर फरक निघेना. तेच लग्न, त्याच राशी, तेच ग्रह त्याच स्थानी.

पहिल्या मित्राचा मुलगा म्हणजे फिर्मिनुस. तो शिकला, वक्तृत्वात तयार झाला, पैसा आणि मान मिळवत गेला. दासीचा मुलगा मात्र दासच राहिला, धन्याची चाकरी करत.

गंमत म्हणजे फिर्मिनुसचा स्वतःचा ज्योतिषावर विश्वास होता. मिलान शहरात तो एका मित्राकडे आपली पत्रिका घेऊन गेला, तुला यात काय दिसतं म्हणून विचारलं, आणि बोलता बोलता वडिलांकडून ऐकलेली ही जन्मकथा सांगून गेला. आपण काय सांगतोय याची त्याला पुरती कल्पना नसावी. ऐकणाऱ्याला मात्र ती आली. तो मित्र म्हणजे ऑगस्टीन: इ. स. 354 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तागास्ते गावी जन्मलेला, मिलानमध्ये वक्तृत्व शिकवणारा, पुढे हिप्पो इथला बिशप आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर सर्वांत खोल ठसा उमटवणारा माणूस. तरुणपणी तो स्वतः ज्योतिष्यांच्या नादी लागला होता. विन्दिकियानुस नावाच्या एका वृद्ध वैद्याने त्याला बापाच्या मायेने समजावलं होतं: मीही ऐन उमेदीत पोटापाण्यासाठी हीच विद्या शिकलो होतो, खोटी निघाली म्हणून सोडली, लोकांना फसवून पोट भरणं मला जमलं नाही. तेव्हा ऑगस्टीनने ऐकून घेतलं, पण भाकितं खरी कशी ठरतात हा प्रश्न त्याला सोडेना. फिर्मिनुसच्या गोष्टीने तो सुटला.

ऑगस्टीनने ती आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात, सातव्या भागात, लिहून ठेवली आहे आणि तिच्यावर असा हिशेब मांडला आहे. समजा, ज्योतिष्यापुढे या दोन कुंडल्या ठेवल्या. त्या तंतोतंत एकच. त्याने दोन्हींवरून एकच भविष्य सांगितलं, तर दोघांपैकी एकाच्या बाबतीत ते खोटं ठरणार. आणि दोघांच्या बाबतीत खरं सांगायचं असेल, तर त्याच कुंडलीवरून एकदा मालक आणि एकदा दास असं सांगावं लागणार. मग ते ज्ञान कुंडलीतून आलेलंच नाही. ज्योतिषी चुकतात, असं तो म्हणत नाही. ज्योतिषी बरोबर येतो तेव्हाही ते त्याच्या शास्त्रामुळे नव्हे, असं म्हणतो. मला हे फार थोर वाटतं. आज आपण प्रयोगात दोन गोष्टी सारख्या ठेवतो, तिसरी बदलते का ते पाहतो, आणि मग कारणाविषयी बोलतो. इथे आकाश सारखं होतं आणि आयुष्यं वेगळी. तो प्रयोग नकळत मांडला होता दोन ज्योतिषवेड्या मित्रांनीच.

यावर ज्योतिष्यांकडे उत्तर होतं, आणि ते तितकंच चतुर होतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात निगिदियुस नावाचा रोमन पंडित होऊन गेला. जुळ्यांची आयुष्यं वेगळी का, असं विचारल्यावर त्याने कुंभाराचं चाक जोरात फिरवलं आणि फिरत्या चाकावर शक्य तितक्या झटपट, जणू एकाच जागी, शाईचे दोन ठिपके मारले. चाक थांबलं तेव्हा ठिपके एकमेकांपासून बरेच लांब होते. आकाशही असंच गरगर फिरतं, तेव्हा जुळ्यांच्या जन्मातलं निमिषभराचं अंतरही वर मोठं असतं, असा त्याचा दावा. यावरून त्याला ‘फिगुलुस’, म्हणजे कुंभार, हे टोपणनाव पडलं. आपल्याकडे जुळ्यांसाठी षष्ट्यंश कुंडलीपर्यंत जातात ती याच वाटेने. राशीचे साठ भाग केले की एक भाग अर्ध्या अंशाचा होतो, आणि तेवढं आकाश दोन मिनिटांत सरकतं.

ऑगस्टीनने ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात हे चाक उलटं फिरवलं. निमिषाने एवढा फरक पडत असेल, तर इतरांच्या पत्रिका तुम्ही कशावरून मांडता? कोणत्या सुइणीने, कोणत्या घड्याळात, ते निमिष पकडलं होतं? जुळ्यांना वाचवण्यासाठी काढलेली पळवाट बाकी सगळ्या पत्रिका बुडवते. त्याच भागात मुहूर्ताचा विचार येतो आणि तो आज कुठल्याही मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून करता येईल. जन्मवेळेने सगळं ठरलेलं असेल, तर लग्नाचा दिवस निवडून ते बदलणार कसं? आणि दिवस निवडून बदलत असेल, तर जन्मवेळेने ठरलं काय होतं? पेरणीचा मुहूर्त पाहणाऱ्यांना तो शेताकडे बघायला सांगतो. एकाच वेळी पेरलेले, एकाच वेळी उगवलेले दाणे. त्यांतले काही करप्याने जातात, काही पाखरं टिपतात, काही माणसं उपटतात.

पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने मुख्य मुद्दा तर्काचा नव्हताच. व्यभिचार मी केला नाही, शुक्राने केला. खून मी केला नाही, मंगळाने केला: माणूस असं म्हणू लागला की पाप कोणाचं, पश्चात्ताप कोणी करायचा आणि क्षमा कोणाला? एका प्रवचनात ऑगस्टीन ज्योतिष्याच्या घरात डोकावतो. हा गृहस्थ चौकात बसून लोकांना नशीब विकतो आणि घरी आल्यावर बायकोचं काही खटकलं की तिच्यावर हात उगारतो. ती त्याला म्हणाली, की मला कशाला मारतोस, शुक्राला मार, तर तो ऐकून घेईल का? गिऱ्हाइकांसाठी ग्रह जबाबदार, घरात मात्र माणूस. एवढ्या एका प्रश्नात त्याने त्या माणसाची सगळी विद्या उघडी पाडली.

फिर्मिनुसच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे, जी खुद्द ऑगस्टीनने हातात घेतली नाही, पण मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. त्या दुसऱ्या मुलाला दास कोणी केलं? ग्रहांनी नाही, हे तर सिद्धच झालं. ग्रह दोघांचे एकच होते. त्याला दास केलं माणसांच्या कायद्याने, त्याच्या आईला विकत घेणाऱ्यांनी. आकाशावरचा आळ काढला की तो जमिनीवर येतो, जिथे तो बदलता येतो. आपल्याकडे हे जोतीराव फुल्यांनी 1855 मध्येच ‘तृतीय रत्न’ नाटकात मांडलं. त्यातही एक गरोदर बाई आहे, कुणब्याची. जोशी येतो, पोटातल्या बाळावर ग्रहांचं संकट आहे म्हणून तिला घाबरवतो आणि शांतीच्या नावाखाली त्या गरीब घराला कर्जात लोटतो. आणि या नवरा-बायकोशी बोलून त्यांच्या मनातलं भय सैल करणारं पात्र आहे एक ख्रिस्ती पाद्री. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांची वाट त्यांची स्वतःची होती. पण ग्रहांचं भय आणि गरिबाची लूट यांचा सांधा त्यांना नेमका दिसला. नाटकातलं ते जोडपं शेवटी शांतीच्या नादातून सुटून रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं.

ज्या बारा राशींबद्दल हे सगळं चाललं आहे, त्या बॅबिलोनच्या. आकाशातल्या सूर्यमार्गाचे बारा सारखे भाग तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास पाडले गेले. पुढे ते ग्रीकांकडे गेले, आणि ग्रीकांकडून रोमनांकडेही आले आणि भारतातही. मेंढा, बैल, जुळे, खेकडा, सिंह: ऑगस्टीन ज्यांच्याशी भांडत होता तीच ही मंडळी आपल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर राहतात. त्यामुळे हा वाद परका नाही.

याच बॅबिलोनमध्ये यहुदी लोक बंदिवान म्हणून नेले गेले होते. तिथे सूर्य, चंद्र, शुक्र हे देव होते आणि राज्याचं बरंवाईट त्यांच्या हालचालींवरून वाचलं जाई. त्या आकाशाखाली बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं धैर्य लक्षात येतं. तिथे सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी निर्माण होतात, झाडंझुडपं उगवल्यानंतर. त्यांना नावंसुद्धा दिलेली नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, एवढंच. काम काय, तर उजेड देणं आणि ऋतू, दिवस, वर्षं दाखवणं. तारे तर जाता जाता आणखी केलेले. शेजारच्या साम्राज्याचे देव या पानावर दिवे होऊन टांगलेले आहेत. यिर्मया संदेष्टा लोकांना सांगतो, की आकाशातल्या चिन्हांना इतर राष्ट्रं घाबरतात, तुम्ही घाबरू नका. ख्रिस्ती भूमिकेचं मूळ इथे आहे. आकाश निर्माण केलेलं आहे, त्याच्यावर प्रेम करावं, त्याच्याकडे बघून थक्क व्हावं. पण त्याच्यापुढे थरथरू नये.

ऑगस्टीनच्याही दोनशे वर्षं आधी हा विचार एका अशा माणसाने केला, जो मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडतो. बार्देसान, जन्म इ. स. 154, गाव एडेसा, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेलं उर्फा. राजदरबारातला कवी, सीरियाक भाषेतला पंडित आणि अचाट तिरंदाज. समोर ढाल धरून उभ्या असलेल्या एका तरुणाचा चेहरा त्याने त्या ढालीवर नुसत्या बाणांनी, एकेक बाण मारत, रेखाटला होता. हे प्रत्यक्ष पाहणाऱ्या युलियुस आफ्रिकानुसने लिहून ठेवलं आहे. बार्देसान आधी खाल्डियन ज्योतिषाचा भक्त होता, आणि तसं तो लपवत नाही. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या ‘देशोदेशींच्या नियमांचं पुस्तक’ या संवादात तो एक विलक्षण मुद्दा काढतो. आणि पुरावा कुठून आणतो? भारतातून.

भारतात ब्राह्मण आहेत, तो म्हणतो. ते मांस खात नाहीत, जीवहत्या करत नाहीत. हे हजारो लोक काही एकाच ग्रहाखाली जन्मलेले नाहीत. कोणी मंगळ बलवान असताना जन्मला, कोणी शनी. तरी सगळे एकच नियम पाळतात. त्याच देशात, त्याच आकाशाखाली, दुसरे लोक अगदी उलट वागतात. असे तो देशामागून देश घेतो: चीनकडले, इराणी, रोमन, अरब. प्रत्येक देशात दर घटकेला सगळ्या प्रकारच्या कुंडल्यांची मुलं जन्मतात आणि तरीही मोठी होऊन आपापल्या समाजाचे कायदे पाळतात. मंगळाला एडेसात एक आणि भारतात दुसरं असं वागता येत नाही, माणसाला येतं. शेवटी तो ख्रिस्ती लोकांकडे वळतो. हे तर सगळ्या देशांत विखुरलेले, तरी सगळीकडे एका नावाने ओळखले जातात, एका दिवशी जमतात आणि जिथे राहतात तिथल्या वाईट चालीरीतींना बांधले जात नाहीत.

बार्देसान सगळंच नाकारत नाही. माणसात तीन गोष्टी असतात असं तो मानतो. शरीराचा धर्म, म्हणजे वाढणं, म्हातारं होणं, मरणं, दैव, म्हणजे आजार, संपत्ती, अपघात, आणि स्वातंत्र्य. पुढच्या ख्रिस्ती पंडितांना त्याने दैवाला ठेवलेली जागा खटकली आणि त्याची गणना पाखंड्यांत झाली. पण भलं करणं आणि बुरं टाळणं हे कोणत्याही ग्रहाच्या हाती नाही, ते माझ्या हाती आहे, हा त्याचा गाभा चर्चने सोडला नाही.

तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिगनने दुसरीच बाजू धरली. तो म्हणाला, आकाश हा देवाने लिहिलेला ग्रंथ आहे असं मानायला माझी हरकत नाही. तारे काही घडवत नाहीत, फार तर सुचवतात. पण ती लिपी देवदूतांना वाचता येईल, माणसाला नेमकी वाचता येणार नाही. आणि इथे त्याने थेट खगोलशास्त्र वापरलं. राशिचक्र स्वतःच हळूहळू सरकतं, शंभर वर्षांत एक अंश, असा सिद्धांत त्याला माहीत होता. मग गणितातली रास आणि आकाशात दिसणारा तारकासमूह एकमेकांपासून सुटत जाणार. तुम्ही वाचताय ते नक्की कुठलं अक्षर?

हे सरकणं खरं आहे. पृथ्वीचा अक्ष मंद गतीने फिरतो म्हणून ते होतं, आणि वेग ओरिगनला वाटला त्याहून जास्त आहे, सुमारे 72 वर्षांत एक अंश. आपल्याला त्याचा दरवर्षी अनुभव येतो. सूर्याचं उत्तरेकडे वळणं 21-22 डिसेंबरला होऊन जातं आणि तिळगूळ आपण 14-15 जानेवारीला वाटतो. मधले दिवस हे शतकानुशतकं साचलेलं सरकणं आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या भविष्यात जो मेष राशीचा, तो आपल्या पंचांगात बहुधा मीन राशीतल्या सूर्याचा निघतो, तोही याचमुळे. अठराशे वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती धर्मपंडित ही गोष्ट युक्तिवादात वापरत होता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो.

मग बेथलेहेमचा तारा? ही शंका कोणीही घेईल, आणि घ्यायलाच हवी. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून मागी येतात. मागी म्हणजे आकाश वाचणारे, ज्योतिषीच म्हणा. त्यांना तारा दिसतो, ते राजाच्या शोधात निघतात आणि बाळ येशूपाशी पोचतात. ज्या धर्माने ज्योतिष नाकारलं, त्याच्या संस्थापकाच्या जन्मकथेत पहिले परदेशी पाहुणे ज्योतिषीच!

जुन्या धर्मपंडितांना ही अडचण चांगलीच ठाऊक होती. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाशियस लिहितो, की त्या ताऱ्याने बाकीच्या ताऱ्यांना निस्तेज केलं आणि जादूटोण्याची बंधनं तुटली. चौथ्या शतकातला प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम म्हणतो की तो तारा नव्हताच. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. हा उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला. तो मध्येच लपला, पुन्हा दिसला आणि एका घरावर येऊन थांबला. मुळात तो जन्मवेळेवरून भविष्य सांगायला आलेला नव्हता, वाट दाखवायला आला होता. आणि नाझियान्झसचा ग्रेगरी सगळ्यांत सुंदर बोलतो: मागी येशूपुढे वाकले त्या घडीला ज्योतिष संपलं, कारण आता तारे ख्रिस्ताने आखलेल्या मार्गाने फिरू लागले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या आपल्या परिपत्रात याच वचनाची आठवण काढली. तारा बाळाचं नशीब ठरवत नाही, बाळ ताऱ्याची वाट ठरवतं. उलटापालट झाली ती ही.

गोव्यात मांडवीकाठी रेइश मागुश इथलं चर्च याच मागींच्या नावाचं आहे. 6 जानेवारीला तिथे, आणि कासावलीच्या टेकडीवरल्या कपेलाकडे, तीन मुलगे राजांच्या वेशात मुकुट घालून निघतात. तीन ही संख्या आणि राजेपण दोन्ही नंतरच्या परंपरेतलं. शुभवर्तमानात त्यांचा आकडा नाही आणि मुकुटही नाहीत. तरी फेस्ताच्या त्या मिरवणुकीत गोष्टीचा जीव शाबूत आहे. आकाश वाचणारी थोर माणसं एका गरिबाघरच्या बाळापुढे गुडघे टेकायला चालली आहेत.

तो तारा खगोलशास्त्रात शोधण्याचा मोह योहानेस केप्लरला झाला. ऑक्टोबर 1604 मध्ये प्राग इथे असताना त्याने गुरू, शनी आणि मंगळ जवळजवळ असलेल्या जागीच एक नवा तारा झळकताना पाहिला. आज आपण त्याला स्फोट पावलेला तारा म्हणतो. केप्लरने मागे मागे गणित करत नेलं आणि त्याला आढळलं, की इसवी सनापूर्वी 7 या वर्षी गुरू आणि शनी मीन राशीत एकदा नव्हे, तीनदा जवळ आले होते. तेव्हाही यांच्यामागून असाच एखादा नवा तारा उगवला असेल का? 21 डिसेंबर 2020 ला संध्याकाळी नैर्ऋत्येला हे दोन ग्रह जवळजवळ चिकटलेले दिसले होते, तेव्हा जगभर पुन्हा बेथलेहेमची आठवण निघाली. इसवी सनापूर्वी 7 मध्ये ते एवढे जवळ नव्हते. मध्ये सुमारे एक अंशाचं, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीचं अंतर होतं. मला स्वतःला ख्रिसोस्तोमचं म्हणणं पटतं. पण केप्लरच्या त्या हिशेबामागची भक्ती खरी होती. त्याचं मूळ शिक्षण धर्मशास्त्राचं, पोटासाठी तो पत्रिकाही मांडे, आणि ग्रहांच्या गतीचे नियम शोधताना आपण देवाच्या विचारांमागून चाललो आहोत अशी त्याची श्रद्धा होती.

ख्रिस्ती लोक नेहमी असेच स्थिर राहिले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मार्टिन लूथरचा जन्म 10 नोव्हेंबर 1483 चा. पण 1484 मध्ये गुरू-शनीची मोठी युती झाली होती आणि तिच्यावरून एका नव्या धर्मनेत्याचं भाकीत वर्तवलं गेलं होतं. तेव्हा लुका गाऊरिको या इटालियन ज्योतिष्याने लूथरची जन्मतारीख 22 ऑक्टोबर 1484 धरली आणि तिच्यावरून एका भयंकर पाखंड्याची कुंडली मांडली. हा गाऊरिको पुढे पोपच्या कृपेने बिशप झाला. आणि लूथरचा जिवलग सहकारी मेलांख्थोन, स्वतः थोर विद्वान, तोही त्या तारखेच्या मोहात पडला! माणसावरून कुंडली मांडायची सोडून कुंडलीसाठी माणसाचा जन्मच वर्षभर पुढे ढकलला. लूथर मात्र बधला नाही. एसाव आणि याकोब जुळे होते ना, एका आईचे, एका घटकेचे. मग एवढे वेगळे कसे, असं तो मेलांख्थोनला ऐकवायचा.

रोममध्ये याहून विचित्र घडलं. पोप आठवे अर्बन लवकरच मरणार अशा भाकितांची शहरात कुजबुज सुरू झाली होती. 1628 मध्ये ग्रहणाच्या भीतीने त्यांनी तोम्मासो काम्पानेल्ला या संन्याशाला बोलावून घेतलं. खोली बंद केली, बाहेरची हवा येऊ नये म्हणून फटी बुजवल्या, भिंतींना पांढरं रेशीम लावलं, सुगंधी द्रव्यं शिंपडली आणि आतच एक छोटं, निर्दोष आकाश मांडलं: सूर्य-चंद्रासाठी दोन दिवे, पाच ग्रहांसाठी पाच मशाली, गुरू आणि शुक्राला आवडेल असं संगीत. आपल्याकडची ग्रहशांती डोळ्यांपुढे येते. सगळ्या ख्रिस्ती जगाचा धर्मगुरू मशालींच्या ग्रहांखाली बसला होता, हे वाचताना वाईट वाटतं, आणि भीती माणसाला कुठवर नेते हेही कळतं. दोन वर्षांनी रोममधल्या एका मठाधिपतीने पोपच्या मृत्यूचं भाकीत केल्याचं प्रकरण उजेडात आलं आणि तो तुरुंगात मेला. 1631 मध्ये याच पोपने असली भाकितं करणाऱ्यांविरुद्ध कडक हुकूम काढला. अर्बन स्वतः 1644 पर्यंत जगले.

यापेक्षा तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस किती समंजस. तो म्हणतो, आकाशातल्या गोष्टींचा शरीरावर परिणाम होत असेल, हवा बदलते, रक्त तापतं. माणसं आपल्या वासनांच्या मागे जातात, म्हणून जमावाबद्दलची भाकितं पुष्कळदा खरीही ठरतील. पण इच्छाशक्ती शरीराच्या ताब्यात नाही. जो आपल्या वासनांना आवर घालतो, त्याच्याबद्दल ताऱ्यांना काही म्हणता येत नाही. आजची कॅथोलिक शिकवण त्याच धारेतली आहे. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात, 2116 व्या परिच्छेदात, पत्रिका पाहणं, ज्योतिष, हस्तरेषा या सगळ्यांना नकार आहे, आणि कारण दिलं आहे की यांत काळावर आणि माणसांवर सत्ता गाजवण्याची इच्छा दडलेली असते. जे प्रेम आणि भय फक्त देवाला द्यायचं, ते दुसरीकडे वळतं. आपल्या ख्रिस्ती घरांत लग्नासाठी पत्रिका जुळवायची नसते, पण पेपरातली रास चोरून वाचणारे आहेत, आणि मुलीचं जमत नाही म्हणून कोणाच्या सांगण्यावरून कुठेतरी दाखवून येणारेही आहेत. त्यांना रागावून काही होत नाही. भविष्य विचारायला जाणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्याला आधी सोबत लागते.

आता गंमत बघा. फ्लॉरेन्सच्या सान मिनियातो चर्चच्या फरशीवर 1207 सालचं अख्खं राशिचक्र संगमरवरात जडवलेलं आहे. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलच्या दरवाजावर राशी आहेत आणि त्यांच्या जोडीला त्या त्या महिन्याची कामं: कापणी करणारा, द्राक्षं तुडवणारा, शेकोटीपाशी बसलेला. राशी चर्चमध्ये आल्या त्या ऋतूंचे काटे म्हणून. कारण ख्रिस्ती माणसालाही आकाश बघावंच लागतं. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. संपात चुकला की सण चुकला. तो दहा दिवस सरकला होता म्हणूनच 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला.

मग संपात नेमका मोजायचा कुठे? मोठी, अंधारी, न हलणारी इमारत हवी. ती चर्चकडे होती. बोलोन्यातल्या सान पेत्रोनियो चर्चच्या छतात, जमिनीपासून सुमारे 27 मीटर उंचीवर, एक छोटं भोक आहे. खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी कासिनीने 1655 मध्ये त्याच्याखाली फरशीवर, खांबांमधून वाट काढत, सुमारे 67 मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा आखली आणि तिच्या कडेला राशींची चिन्हं बसवली. दर माध्यान्ही सूर्याची गोल प्रतिमा ती रेषा ओलांडते. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात दूर टोकाला. चर्चचाच कॅमेरा झाला.

कासिनीने त्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास वर्षभर मोजला. त्याला एका जुन्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. सूर्य आकाशात हिवाळ्यात जलद सरकतो आणि उन्हाळ्यात सावकाश. वेगातला हा फरक सुमारे सात टक्के. हा नुसता भास आहे का, जवळची वस्तू जलद गेल्यासारखी वाटते तसा? तसं असेल तर हिवाळ्यात सूर्याचं बिंबही सात टक्के मोठं दिसायला हवं. फरशीवरचा गोल तेवढा मोठा झाला नाही; फरक भरला त्याच्या निम्माच. म्हणजे अर्धा फरक अंतराचा, आणि उरलेला अर्धा खराखुरा: गती खरोखरच कमी-जास्त होते, केप्लरने म्हटलं होतं तशीच. पोपच्या राज्यातल्या शहरात, चर्चच्या आत, आठव्या अर्बनच्या काळात गॅलिलिओला शिक्षा झाली त्याला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, मिस्सा चालायची त्याच फरशीवर हे मोजलं गेलं.